संकेश्वरची गाडी आणि संपलेलं ऑटोमेशन

आधी चहा संपवा बघू. ऐकताना ठसका लागला तर तोही माझ्याच नावावर जमा व्हायचा, आणि त्या खात्यात आधीच भरपूर आहे!

मी निपाणीत एका मंडप-डेकोरेशनवाल्यांकडे ऑफिस सांभाळते. माहेर खानापूरकडचं, शिक्षण बेळगावात, सासर निपाणी. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही टाइप करणारी आमच्याकडे मी एकटीच. साहजिकच डोक्यात थोडी हवा. थोडी कसली, चांगली फुग्याएवढी!

मालकांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांच्या मागे लागून मी एक सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. कुठल्या लग्नाला कुठला मंडप, काय भरलं, काय राहिलं, सगळं प्रत्येकाच्या मोबाइलवर. त्यातली खरी गंमत म्हणजे ऑटोमेशन. नियम एकदा लावून ठेवायचा, पुढचं काम आपोआप. गोडाउनमधल्या बाबूअण्णांनी 'माल भरला' वर टिचकी मारली, की ड्रायव्हर मल्लूअण्णांना पत्त्यासकट मेसेज जाणार, 'गाडी सोडा'. मध्ये माणूस नको, फोन नको!

फोन तर मी बंदच करून टाकले होते. कारण मागे एकदा तोंडी निरोपावर मल्लूअण्णा संकेश्वरची गाडी घेऊन चिकोडीला गेले होते. तिथं लग्नच नव्हतं. तरी यांनी अर्धा मंडप उभा केला होता! म्हणून मी सगळ्यांना बसवून दम दिला, "ॲपवर मेसेज आल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. आप्पांनी सांगितलं तरी नाही, मी सांगितलं तरी नाही. आणि स्टेअरिंगवर बसल्यावर फोन उचलायचा नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिल्याच आठवड्यात बाबूअण्णा रुसले. "आक्का, मी सकाळधरनं एवढं लिवलो. खुर्च्या पुसल्या, पडदं धुतलं. कुणी हूं न्हाय का चूं न्हाय. भिताडासंगं बोलल्यागत वाटालंय."

आता तुम्हीच सांगा, आपल्या भागात वडीलधाऱ्या माणसानं काही सांगितलं आणि समोरच्यानं "व्हय अण्णा" म्हटलं नाही, तर तो अपमानच की नाही? मला फार वाईट वाटलं. मी लगेच एक नवा नियम लावला. कुणीही काहीही लिहिलं की सॉफ्टवेअरनं माझ्या नावानं उत्तर द्यायचं, "व्हय अण्णा, समजलं. आभारी आहे."

गोडाउनात नुसता आनंदीआनंद! पण आपली माणसं पडली सभ्य. कुणी आभार मानल्यावर गप्प बसणं त्यांना जमतंय होय? बाबूअण्णा लिहायचे, "आभार कशाला आक्का, आमचं कामच हाय ते."

सॉफ्टवेअर म्हणायचं, "व्हय अण्णा, समजलं. आभारी आहे."

"तुमी लई मोठ्या मनाच्या."

"व्हय अण्णा, समजलं. आभारी आहे."

"जेवलासा काय?"

"व्हय अण्णा, समजलं. आभारी आहे."

दाराशी दोन पाहुणे 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करत खोळंबतात ना, तसं दिवसभर चाललेलं. फरक एवढाच की यातला एक पाहुणा यंत्र होता आणि यंत्राला कंटाळा येत नाही. मी मात्र खूश! स्टाफ किती रमलाय बघा ॲपवर!

आता यात एक ग्यानबाची मेख होती. ऑटोमेशनला महिन्याची मर्यादा असते. नियम एकदा चालला की त्या मर्यादेतला एक वापर गेला. मग तो गाडी सोडण्याचा असो, नाहीतर जेवणाच्या चौकशीला आभार मानण्याचा असो. सगळे वापर संपले की पुढच्या महिन्यापर्यंत सगळे नियम बंद. हे मला कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं की! सुरुवातीलाच स्क्रीनवर आलं होतं. मी न वाचता 'पुढे' दाबलं होतं.

महिना अर्धाही झाला नव्हता आणि कंपनीचा मेल आला, 'तुमच्या मर्यादेपैकी बराचसा वापर झाला आहे.' मला वाटलं, शाबासकी दिलीय! मी तो मेल मिरवत आप्पांना दाखवला.

आप्पा पक्के व्यापारी. म्हणाले, "शिल्लक ऱ्हायलं तर फुडच्या म्हयन्यात मिळतंय काय गं?"

"नाही आप्पा, बुडतं."

"मग वापरा की जोरात! पैसं भरल्यात न्हवं?"

मी ॲपवर सगळ्यांचं अभिनंदन केलं. त्यावर सगळ्यांनी आभार मानले. त्यावर सॉफ्टवेअरनं सगळ्यांचे आभार मानले. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि नेमकं त्याच आठवड्यात संकेश्वरला लग्न. कुणाचं? आप्पांच्या लेकीच्या सख्ख्या दिराचं! मंडप माहेरचा. उशीर झाला असता तर त्या पोरीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. आप्पा आदल्या दिवशीच तिकडं जाऊन बसले होते. सकाळी त्यांचा फोन आला.

"गाडी कुठं हाय गं? व्याही दारात हुबं ऱ्हाऊन रस्त्याकडं बघालेत. पोरगी तर रडायचीच बाकी हाय."

"वाटेत असेल आप्पा. ऑटोमेशन आहे, काळजीच करू नका!" मी पंख्याखाली बसून ऐटीत सांगितलं.

फोन ठेवते तोवर बाबूअण्णा दारात. तोंड एवढंसं झालेलं.

"आक्का, माजं काय चुकलं काय?"

"का हो अण्णा?"

"काल सांजपासनं तुमचं 'व्हय अण्णा' येईनाच. आज माल भरला म्हणून लिवलो, त्येलाबी उत्तर न्हाय. राग आलाय काय?"

मी खुर्चीतून उठलेच. "अण्णा, गाडी कुठाय?"

"गोडाउनात. भरून कवाची हुबी हाय. मल्लू म्हणतोय, मेसेज आल्याबिगर क्लच दाबणार न्हाय. आक्कानं दम दिलाय."

मी मल्लूअण्णांना फोन लावला. उचलेनात! का उचलतील? स्टेअरिंगवर बसले होते ना! इतका आज्ञाधारक स्टाफ देव कुणाला न देवो. मी पदर खोचला, स्कूटर काढली आणि बाबूअण्णांना मागं बसवून गोडाउनकडं सुटले. वाटेत एका म्हशीला, दोन बुलेटवाल्यांना आणि बहुतेक माझ्या सासऱ्यांना कट मारला.

"मल्लूअण्णा, निघा! संकेश्वर! पळा!"

मल्लूअण्णांनी खिडकीतून शांतपणे मोबाइल दाखवला. "मेसेज आला न्हाय म्याडम."

"अहो, मी सांगतेय ना समोर उभी राहून!"

"मी सांगितलं तरी न्हाय, असं तुमीच म्हटलासा."

आता या माणसाला काय म्हणायचं? मी तिथंच उन्हात उभं राहून मोबाइल काढला, ॲप उघडलं आणि टाइप केलं, 'गाडी सोडा. संकेश्वर.' केबिनमध्ये टिंग वाजलं. मल्लूअण्णांनी मेसेज नीट वाचला, चष्मा खिशात ठेवला आणि गाडी सोडली.

मंडप वेळेत उभा राहिला बरं का! लेकीची लाज राहिली, व्याही खूश. संध्याकाळी आप्पांचा फोन आला तेव्हा मी शेर होऊन सगळी हकिगत सांगितली. मर्यादा कशी संपली, मी ऊन-धूळ न बघता कशी धावले, मल्लूअण्णा कसे अडून बसले.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे शेवटी मेसेज हातानंच लिवलीस?"

"हो आप्पा. हातानं लिहायला मर्यादा नसते."

"मग हातानं लिवाय गोडाउनात जायाला लागतंय काय?"

खरंच की! सकाळी पंखा डोक्यावर होता, मोबाइल हातात होता, ॲप उघडंच होतं. मी म्हैस चुकवत कुठं गेले होते?

आप्पांनी ॲपला आजवर कधी बोट लावलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा स्वतः मेसेज लिहिला, सगळ्या स्टाफला दिसेल असा: "पैसं भरून सॉफ्टवेअरची मर्यादा वाढिवतोय. आक्काच्या डोक्याची कुठं वाढवून मिळती, कुणाला ठावं हाय काय?"

ऑटोमेशन बंद होतं, त्यामुळे आप्पांना माझं 'व्हय अण्णा' काही गेलं नाही. उत्तर आलं ते बाबूअण्णांचं, अगदी मनापासून.

"उद्या बेळगावला जाणार हाय आप्पा. खडेबाजारात इचारून बघतो."