काठीनं उचललेली पट्टी

"खाली ठेव," तात्या म्हणाले.

दंडावरची पिवळी पट्टी सोडून मी त्यांच्या हातात द्यायला गेलो होतो. तात्या म्हणजे आमच्या रहाटणीच्या सेवा मंडळाचे अध्यक्ष. माझ्याआधी सहा पोरांनी पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या, त्यांनी घडी घालून त्या ट्रंकेत ठेवल्या. माझा हात पुढे आला तसा त्यांचा मागे गेला. मी पट्टी जमिनीवर ठेवली. त्यांनी ती काठीच्या टोकानं उचलली, बादलीत बुचकळली आणि कुंपणाच्या काट्यांवर टाकली. पाणी निळं झालं.

पट्टीवर शाईनं 'स्वयंसेवक' लिहिलं होतं. ते अक्षर माझं. साऱ्याच पट्ट्यांवर मीच लिहिलं होतं, कारण सातवीची फायनल पास झालेला मंडळात मी एकटा. सातही पट्ट्या माझ्या मांडीवर लिहून झालेल्या. विटाळ मात्र एकीलाच झाला. याचं मला आजही हसू येतं, आणि हसता हसता संताप येतो.

पिंपरीला तेव्हा कारखाना उभा राहत होता. तिकडं जायला गावाला रस्ता हवा होता. श्रमदानानं करायचा, तरुणांनी पुढं यायचं, असं ठरलं. मी हुरळून गेलो. आमच्या महारवाड्यातली आठ पोरं मीच गोळा केली. आम्ही खडी फोडली, पाट्या वाहिल्या. गावातली पोरं आली ती सरकारी साहेब पाहणीला आले त्या दिवशी, धुतलेल्या कपड्यांत. पट्ट्याही त्याच दिवसापुरत्या निघाल्या, साहेब गेले की परत द्यायच्या. आमच्यात एकालाच मिळाली, मला. साहेबांना दाखवायला एक पुरे होता.

बा मला आधीच म्हणाला होता. त्या वर्षी येसकरकीची, म्हणजे गावाची राखण करायची आणि निरोप पोचवायची, पाळी त्याची होती. गावातल्या पोरांना मंडळाची चिठ्ठी जायची, आणि आम्हाला बोलवायला तात्या बाला धाडायचे. बा वस्तीत उभा राहून हाळी द्यायचा, वेठीला द्यायचा तशीच.

"आरं, ही वेठच हाय," तो म्हणाला होता. "नाव बदाललं म्हून काम बदालतंय व्हय?"

"बा, हे आपल्या मर्जीचं काम आहे," मी त्याला ऐकवलं होतं. शिकलेला ना मी.

पट्टी काट्यांवर पडली त्यानंतर पंधरा दिवसांनी बा दारात येऊन उभा राहिला. नेहमीसारखी हाळी दिली नाही. खालमानेनं म्हणाला, "मोठं सायब येनार हायत. तात्यांनी तुला बलीवलंय. पट्टीवरची अक्षरं गेली, ती परत काढून दे म्हनत्यात. न्हाई म्हनलास तर भाकर बंद करतील."

गावच्या कामाबद्दल घरोघरची भाकर, तीच आमची चूल. आई जात्यापाशी थांबली. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण बाला निरोप्या करून त्याच्या तोंडून नकार पाठवायचा, हे मला जमणार नव्हतं. मी स्वतः गेलो.

चावडीसमोर मंडळ बसलेलं. खाली जमिनीवर माझी पट्टी आणि शाईची दौत ठेवलेली. मी वाकून जोहार घातला नाही, तिथंच माना वळल्या.

"लिही," तात्या म्हणाले.

"ज्या काठीनं उचलली, तिलाच लिहायला सांगा."

मी पुढं बोललो. "स्वयंसेवक आपल्या मनानं येतो. माझं मन नाही. आमची आठ पोरंही येणार नाहीत. बाला पुन्हा धाडू नका."

"लई शिकलास," तात्या एवढंच म्हणाले.

भाकर बंद झाली. बा आणि मी कारखान्याच्या बांधकामावर माती वाहायला गेलो. जाताना तोच रस्ता लागायचा. आमची खडी संपायची तिथं रस्ताही संपायचा. पुढं नुसती धूळ.

बा महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. मग एका सकाळी त्याची येसकरकीची काठी आईनं चुलीत घातली, आणि तो बघत बसला. त्याच चुलीवर तिनं विकतच्या पिठाची भाकर थापली.

त्यानंतर मंडळं पुष्कळ आली. तरुणांनो, पुढे या, गाव तुमचंच आहे. गोड बोलणारी माणसं, खांद्यावर हात ठेवणारीसुद्धा. मी कुणावर भरवसा ठेवत नाही. वस्तीतली पोरं मागितली की मी एकच विचारतो, काम संपल्यावर पट्टी परत कशी घेणार? हातात घेणार असाल तर आत्ता हात पुढे करा. जो चाचरतो, त्याला माझ्या वस्तीतलं एक पोर मिळणार नाही.