माग थांबला की हलणारा हात

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचत आलेय... आणि खरं सांगायचं तर चहाबरोबर टिंगल करायलाच वाचत आलेय. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला मागून हाक ऐकू येते. मी पडले शास्त्र शिकवणारी. नववी-दहावीच्या वर्गाला मेंदू आणि मज्जासंस्था हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर रंगीत खडूंनी मेंदू काढायला घेतला की मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा गप्प व्हायची. भूत म्हणजे नीट झोप न झालेला मेंदू, असं मी त्यांना ठणकावून सांगायची. आजही सांगेन. कारण हे जे लिहितेय ते भुताबद्दल नाहीच. कशाबद्दल आहे, तेच मला आजवर कळलेलं नाही.

गोष्ट १९८८ सालची, भिवंडीतली. तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या. मागच्या खोलीच्या खिडकीला गज, खिडकीपलीकडे एक माणूस जेमतेम जाईल एवढी गल्ली, आणि गल्लीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना. दिवसरात्र खडखडाट. बाहेरगावचे पाहुणे पहिल्या रात्री कानात कापूस घालून झोपायचे. आमचं उलट होतं. लाइट गेली, माग थांबले की आम्हाला काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं.

आमचे हे सरकारी कचेरीत कारकून होते. बोलके, हसरे, आणि हातांनी ठार अडाणी. बुटाची लेस बांधली तर फाटकापर्यंत टिकायची नाही, आणि पायजम्याच्या नाडीला हटकून निरगाठ. मग मोरीतून हाक यायची, “शास्त्रज्ञ बाई, या सोडवायला!” आमच्या लग्नात उपरण्याची गाठ बांधायला भटजींनी यांना हात लावू दिला नाही तेच बरं, नाहीतर कधीच सुटली असती, असं मी चारचौघांत म्हणायची. हेही हसायचे.

रविवारी मागच्या खिडकीत ट्रान्झिस्टर ठेवून हे क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचे. कारखान्यातला जमीर मधूनमधून गल्लीत येऊन स्कोअर विचारायचा आणि आमच्या माठातलं पाणी प्यायचा. मूळचा उत्तरेकडचा, पण भिवंडीत मुरलेला. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. अशाच एका रविवारी मी स्वयंपाकघरात असताना जमीरची आरोळी आली, “टीचर! साहब को देखो!” मी धावले. हे खिडकीशी कोसळले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं.

मुंबईला नेलं, स्कॅन काढला. मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव. उजवं अंग गेलं, वाचा गेली, ओळख गेली. डोळे उघडे असायचे, पण पाहायचे नाहीत. डावा हात उगाच चादर चाचपायचा, तेवढंच. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, मज्जातंतू मानेशी एकमेकांना ओलांडून जातात — ही आकृती मी किती वर्गांना काढून दाखवली होती! डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही स्वतःच हे शिकवता.” ते वाक्य मला अजून चावतं. शिकवत होते म्हणूनच आशेला जागा कुठे नाही, तेही मला बरोबर ठाऊक होतं.

यांना घरी आणल्यावर, मी शाळेत असताना यांच्याजवळ सांभाळायला ठेवलेली ठकू असायची. पडघ्याच्या पलीकडच्या पाड्यावरून सकाळच्या एसटीने यायची. अंगाने काटक, तोंडाने फटकळ. यांना कुशीवर वळवणं, भरवणं सगळं तिने चटकन उचललं. एक दिवस मी घरात पाय टाकते न टाकते तोच म्हणाली, “बाई, लाईट गेली का सायेब हात हालवतात.”

“डावा?”

“दोनी. आन् हालवतात म्हंजे उगाच न्हाय. कायतरी काम करतात.”

मी तिच्यावर खेकसले. मेलेल्या हाताला काम कुठून येणार! पण त्या शनिवारी सकाळची शाळा उरकून मी दुपारी घरी होते आणि लाइट गेली. गल्लीपलीकडचे माग एकामागून एक थांबले, आणि यांचा उजवा हात — जो मीच रोज उचलून पुसत होते — आपण होऊन छातीवर आला. डावा त्याच्याजवळ गेला. दोन्ही हातांच्या बोटांनी हवेतली दोन टोकं जुळवल्यासारखं केलं, अंगठ्याखाली दाबलं, झर्रकन एक वळसा, आणि ओढ. मग उजव्या हाताने पुढे एक दांडा ढकलल्यासारखं केलं. क्षणभर थांबले हात, वाट पाहिल्यासारखे. मग परत तेच, पहिल्यापासून. लाइट आली, माग धडधडू लागले, तसे हात जिथल्या तिथे पडले.

मला काय झालं ते कसं सांगू... मी चपला न घालता आमच्या डॉक्टरांकडे पळाले. माझा माणूस परत येतोय, एवढंच डोक्यात.

डॉक्टर म्हणाले, झटके असतील, स्नायूंची आपोआप होणारी हालचाल. मी म्हटलं, झटक्याला क्रम नसतो हो! शेवटी ते एकदा लाइट गेलेली असताना येऊन बसले. बराच वेळ पाहत राहिले. “वाट पूर्ण बंद झालेली नसावी,” एवढंच म्हणाले. त्या एका वाक्यावर मी किती दिवस काढले! रोज यांच्या कानाशी बसून सांगायची, हात उचला, माझं बोट धरा, निदान पापणी तरी हलवा. काही नाही. माग थांबले की मात्र दोन्ही हात कामाला लागायचे, आणि डोळे छताला लागलेले. त्या हातांना माझ्याशी काही देणंघेणंच नव्हतं.

ठकू दारात उभी राहून पाहायची. एकदा म्हणाली, “बाई, रागवू नका. ह्यो हात सायेबांचा न्हाय.”

“मग कुणाचा? तुझा?”

“सायेबांना नाडी बांधता येत नव्हती, तुमीच सांगता. आन् बगा, ह्ये पयलं बोट कसं वर धरलंय. काम सगलं मदल्या बोटानं.”

खरंच. अंगठ्याशेजारचं बोट ताठ वर, आणि सगळी कसरत मधल्या बोटाची. मी तिला गप्प केलं, पण दुसऱ्या दिवशी शिवणाचा दोरा तोडून दोन्ही टोकं यांच्या बोटांत दिली. लाइट गेली. यांनी गाठ मारली. इतकी बारीक की बोट फिरवलं तरी लागेना, आणि ओढली तर सुटेना. मी शाळेत मुलांना सांगत आलेय की हाताचं कसब मेंदूत घडतं, पुन्हा पुन्हा करून. चेतापेशींची एक वाट वापरून वापरून पक्की होते, मग विचार न करता हात चालतो. म्हणजे जे कधी केलंच नाही, त्याची वाट असूच शकत नाही. त्या रात्री मी जेवले नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, जमीर दारात उभा राहिला. बऱ्याच दिवसांत तो खिडकीशी दिसला नव्हता. गालफडं बसली होती.

“टीचर, बाजूवाले बोलले, साहब हात हलवतात. बघू का?”

मी आत घेतलं. तो जमिनीवरच बसला. कारखान्याचं काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, “शेठने बसवलं घरी. गाठ नाय मारता येत मला.”

मला आधी कळेचना. त्याने समजावून सांगितलं. मागावर धागा तुटला की माग थांबतो. कारागिराने पटकन गाठ मारायची, दांडा ढकलायचा, माग परत चालू. हे ज्याला येत नाही त्याला कारखान्यात कोण उभं करणार? आणि हा तर पोरवयापासून हेच करत आलेला. त्याने खिशातून सूत काढलं आणि माझ्यासमोर प्रयत्न केला. बोटं एकमेकांत अडकत होती, पहिल्यांदा सुई धरणाऱ्यासारखी.

“डोकं नाय विसरलं, टीचर. पहले ये, फिर ये, सब बोल के बता सकता हूँ. हाथ सुनता नहीं.”

डॉक्टरला दाखवलंस का? दाखवलं होतं. हातात ताकद आहे, नसा ठीक आहेत, थकवा असेल म्हणाले, गोळ्या दिल्या. कधीपासून हे? तो यांच्याकडे पाहत राहिला.

“साहब गिरे ना, उसी दिन से. मी खिडकीत पाणी पीत होतो. साहब गिरने लगे तो मी गजातून त्यांचा हात पकडला. त्यांनी मला असं धरलं, असं धरलं... सुटतच नव्हतं. तुम्ही आलात तेव्हा सुटलं.”

तेवढ्यात लाइट गेली.

माग थांबले. यांचे हात छातीवर आले. जमीर गुडघ्यांवर पुढे सरकला आणि पाहू लागला. मग त्याने स्वतःचा उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर नव्हतंच. फार पूर्वी मागात सापडून तुटलेलं. तेव्हापासून तो ते बोट वर धरून मधल्या बोटाने गाठ मारायचा. कारखान्यात दुसरं कुणी तशी मारत नाही, म्हणाला. यांची पाचही बोटं शाबूत होती, आणि तरी ते एक बोट ताठ वर.

“ये मेरा है, टीचर,” तो अगदी हळू म्हणाला. “घरात चार लेकरं आहेत. एकदा धरू का त्यांचा हात? तसाच?”

खरं सांगते, नाही म्हणावंसं वाटलं. सबंध शरीरात यांचं एवढंच हलत होतं. तेही गेलं तर मी पाहायचं काय? कुणासाठी शाळेतून धावत घरी यायचं? मी ठकूकडे पाहिलं. ती म्हणाली, “बाई, ज्याचं त्याला द्यावं.” आणि मला जे फार दिवसांपासून दिसत होतं, ते त्या क्षणी मी कबूल केलं. तिथे माझा नवरा गाठ मारत नव्हता. माझा नवरा तिथे कुठेच नव्हता.

“धर,” मी म्हटलं.

जमीरने यांचा उजवा हात दोन्ही तळव्यांत घेतला. आधी बोटांनी थोडी ओढाताण केली, काम अर्धं राहिल्यासारखी. मग ती सैल पडली. डावा हात बाजूला घसरला. त्या वेळी यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. नाही पाहिलं.

लाइट येईपर्यंत जमीर हात धरून बसला होता. माग चालू झाल्यावर त्याने तो अलगद चादरीवर ठेवला, कपाळावरचा घाम पुसला, सूत घेतलं आणि टोकं जुळवली. मी आणि ठकू वाकून पाहत होतो. बोटं अडखळली. त्याने परत केलं. परत. सूत गळून खाली पडलं, तरी तो रिकामी बोटं एकमेकांवर घासत राहिला. मग उठला, मला सलाम केला आणि निघून गेला.

पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा यांचे हात हलले नाहीत. त्याच्या पुढच्या वेळीही नाहीत. जमीर आणखी काही वेळा आला, हात धरून बसला, खाली मान घालून गेला. नंतर काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये तो कापडाच्या गाठी उचलायच्या कामाला लागल्याचं कळलं — तिथे कसब लागत नाही, पाठ लागते. मग तेही कळायचं बंद झालं. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “बाई, यावर मला काही विचारू नका.”

यांच्या हातातून ते कसब गेलं हे मी डोळ्यांनी पाहिलं. जमीरच्या हातात ते परतलं नाही, हेही पाहिलं. मग ते गेलं कुठे? दोन माणसांमध्ये मज्जातंतू नसतो. हातात हात धरल्याने कातडीला कातडी लागते, बाकी काही नाही. मी पुस्तकं धुंडाळली, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना आडून आडून विचारलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती माझीच जुनी नजर होती.

हे १९९३ पर्यंत होते. होते म्हणजे कॉटवर होते. त्या सगळ्या वर्षांत त्यांच्या उजव्या हाताचं बोट एकदाही हललं नाही. मी मात्र लाइट गेली की हातातलं काम टाकून आत जायची, चादर बाजूला करायची आणि हात पाहत उभी राहायची. ठकू म्हणायची, आता कशाला बाई. मी रोज ठरवायची, आता नाही जायचं. माग थांबले की पाय आपोआप वळायचे.

अजूनही वळतात. कॉट कधीच देऊन टाकली, तिथे आता कपाट आहे. लाइट जाते, गल्लीपलीकडचं सगळं गप्प होतं, आणि मी भानावर येते तेव्हा त्या कपाटासमोर उभी असते. याचं स्पष्टीकरण तेवढं माझ्याकडे आहे. वाट वापरून वापरून पक्की झालीय. बाकी कशाचंच नाही.