भरतीच्या वेळी आलेला ट्रॅक्टर

गेल्या वर्षी ह्यांची बायपास झाली, आणि तेव्हापासून माझा दत्तमहाराजांशी अबोला होता. अमेरिकेत ट्रॉयमधल्या आमच्या घरी दिवा रोज लावायचे, पण लावला की पाठ फिरवायचे. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, पण घरी आलेला माणूस वेगळाच होता. आयुष्यभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन करून रिटायर झालेले हे, आता स्वतःलाच ब्रेक लावून बसले होते. धड बोलणं नाही, हसणं नाही. शेवटी लेकीनेच आमची आयर्लंडची तिकिटं काढली. "आई, जस्ट गो," एवढंच म्हणाली.

डब्लिनमध्ये तीन दिवस आम्ही एका छत्रीखाली हिंडलो आणि दोघंही भिजलो. ह्यांनी एक्सेलमध्ये प्लॅन केला होता, प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहिलेली. एका जुन्या चर्चमध्ये मी जरा डोळे मिटले, तर हे कानाशी म्हणाले, सातच मिनिटं उरलीत. पुढे पश्चिम किनाऱ्याला जायला गाडी भाड्याने घेतली. तिथे डावीकडून चालवायचं असतं. मी काळजी बोलून दाखवली, तर आपण पुण्यात शिकलोय असं ऐकवलं आणि पहिल्याच अरुंद रस्त्यावर आरसा दगडी भिंतीला घासला.

त्या किनाऱ्यावर एक बेट आहे. ओहोटी असली की ओल्या वाळूवरून गाडी थेट तिथे नेता येते. भरतीची वेळ अर्थातच एक्सेलमध्ये होती. परत येताना अर्ध्या वाटेत चाक रुतलं, आणि तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं की आपण उद्याच्या तारखेची वेळ उतरवली आहे. दोन्ही बाजूंनी पाणी चकाकत पुढे सरकत होतं. फोनला रेंज नव्हती. गाडी सोडून चालत जाऊ, असं मी परोपरीने सांगितलं. हे ऐकेनात. डॉक्टरांनी जड काही उचलायला, ढकलायला बंदी केलेली, आणि हे मागून खांदा लावून गाडी ढकलायला लागले. मी त्यांचं जॅकेट धरून मागे ओढत होते. त्या ओढाताणीत गाडी तेवढी जागची हलली नाही. मग ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "महाराज, भांडण मागाहून करू. आधी या."

थोड्याच वेळात किनाऱ्याकडून ट्रॅक्टर आला. चालवत होती ऐंशीच्या घरातली एक बाई, शेजारी काळं-पांढरं कुत्रं. आमची गाय सुटलीय, तिला शोधत होते, असं म्हणत तिने आमच्या गाडीला दोर बांधलासुद्धा. हे तिला दोर कुठे बांधावा ते समजावून सांगायला लागले.

"तुम्ही वर बसा," ती शांतपणे म्हणाली, "आणि कुत्र्याला धरा."

कुत्रं दिसलं की रस्ता बदलणारे हे, ते ओलं कुत्रं मांडीवर घेऊन गप्प बसले. दहा मिनिटांत आम्ही किनाऱ्यावर होतो.

मग तिने घरी नेऊन चहा दिला, आपल्यासारखा कडक, दूध घातलेला. आम्ही चहा पीत असताना गाय आपली आपण फाटकाशी येऊन उभी राहिली. म्हातारी तिला बांधायला बाहेर गेली. कुत्रं ह्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपलं होतं, त्यामुळे ह्यांना हलता येईना. खाली त्याच्याकडे बघतच हे म्हणाले, "मघाशी मी घाबरलो होतो. हॉस्पिटलातही घाबरलो होतो. तुला सांगायचं राहिलं."

मी त्यांचा हात धरला. कुत्र्याची झोप मोडू नये म्हणून आम्ही दीड तास तसेच बसून राहिलो, आणि वर्षभराचं सगळं बोललो.

त्या बाईला कुणी पाठवलं, ह्यावर आमचं आजही एकमत नाही, आणि मी वाद घालत नाही. महाराजांकडे मी वर्षभर पहिल्यासारखा नवरा मागत होते. त्यांनी मला घाबरतो असं कबूल करणारा दिला. आपण काय मागावं हे आपल्याला नेमकं कळत नाही, एवढं आता कळलंय. म्हणून हल्ली मी हात जोडते आणि मागायचं काय, तेही त्यांच्यावरच सोडते.