लिंबाकाकांचं बोट

"ते बोलत हुते, अन् तुमी त्यांना बोलू दिलं न्हाय."

अण्णांच्या मयतीला माझी आई लिंबाकाकांना हे म्हणाली. मी तेव्हा दुसरीत होते.
त्यानंतर ती त्यांच्याशी थेट कधी बोललीच नाही.

आज सकाळी लिंबाकाका गेले.

माझे वडील महादू, म्हणजे आमचे अण्णा, आणि लिंबाकाका कळंबकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या आगीच्या टँकरवर होते. जिवाभावाचे दोस्त.

दुष्काळाचं साल. ऊस नाही, म्हणून कारखाना बंद. कारखान्यानं जनावरांची छावणी काढलेली, आणि आगीचा टँकर पिण्याचं पाणी आणायला लावलेला.

कुणा संचालकाच्या जावयानं आखातातून वॉकीटॉकीची जोडी आणून दिली होती. दिसायला खेळणं. रेंज जेमतेम गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
एक सेट पाइप धरणाऱ्या अण्णांकडे. दुसरा टँकरचा व्हॉल्व्ह सांभाळणाऱ्या काकांकडे.

बटण दाबून बोलायचं. सोडून ऐकायचं.
दाबलेलं असेल तोवर समोरच्याचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

एकदा उकिरडा पेटला तेव्हा काकांनी न विचारता पाणी सोडलं. आग कधीच विझली होती. अख्खा टँकर मातीत गेला आणि बायका रिकाम्या घागरी घेऊन बघत राहिल्या.
अण्णा चारचौघांत म्हणाले, "लिंब्या, म्या सेटवर सांगितल्याबिगर थेंब सोडायचा न्हाय."

काकांनी ते मनावर घेतलं.

मग छावणीतला कडबा पेटला.

दावणींमधून टँकर आत जाईना, म्हणून तो रस्त्यावरच थांबला. अण्णा पाइप ओढत कडब्याच्या दोन गंज्यांच्या मधून जनावरं सोडवायला गेले. वारं फिरलं. मागची गंजीही पेटली.

छावणीतून सगळ्यात शेवटी बाहेर आलेल्या गोदाबाईंनी सांगितलं, अण्णा सेट तोंडाशी धरून पाणी सोड, पाणी सोड म्हणत होते. हातातला पाइप कोरडा होता.

आणि काका काय करत होते?
अण्णांना हाका मारत होते.
बटण दाबून. एकसारख्या.

खूप वर्षांनी एकदाच त्यांनी मला सांगितलं, "पोरी, धुरात कायबी दिसंना. महादू, बोल की, बोल की, म्हणत राह्यलो. लई भ्यालो गं. बोटच उचलंना."

दर वर्षी अण्णांच्या श्राद्धाला काका आमच्या दारात यायचे. आई त्यांचं ताट वाढायची, पण ते माझ्या हाती द्यायची. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला म्हणायची, "इचार, आज तरी ऐकू येतंय का."
पंगतीत कुणीतरी हसायचंच.
"येतंय, वैनी," काका म्हणायचे आणि खाली मान घालून जेवायचे.

म्हातारपणी त्यांना खरंच ऐकू येईना.
आई म्हणाली, "उशिरा का हुईना, देवानं खरं केलं."

मुलानं कानाचं मशीन आणलं. घरात ते डबीतच असायचं. नातवंडं बोलून बोलून दमायची.
फक्त आमच्या दारात आले की काका डबी उघडायचे आणि मशीन कानात घालायचे.
मी एकदा विचारलं, इथंच का?
"वैनी बोलत्यात ना," म्हणाले.

आमच्याकडे मयताच्या तोंडात पाणी घालतात, घरचे आणि घरच्यासारखे. काकांच्या सुनेचा निरोप आलाय. मामंजी सांगून गेलेत, वैनी येऊन पाणी घालेस्तोवर उचलू नका. तिकडे सगळे थांबलेत.

आई आत तूर निवडत बसलीय. निरोप ऐकून तिनं मान वर केली नाही.

लिंबाकाका, या आता. मशीन डबीतच राहू द्या.

ही पोस्ट मी आत जाऊन तिला वाचून दाखवणार आहे. ती अर्ध्यातच उठेल, माहीत आहे मला. म्हणून शेवटची ओळ आधी वाचेन.

आई, चल. चमचाभर पाणी. तेवढं सोड.