यादीतले भट्टीवाले काका

स्प्रिंगांच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनीअर म्हणून तिची बावीस वर्षं गेली. कागदावरचा काना-मात्राही सुधारून परत पाठवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. कुठल्या मालाला किती वेळ, किती तापमान द्यायचं, हे आता सॉफ्टवेअरमध्ये होतं. पण त्यात कोणी काय बघायचं आणि कोणी काय बदलायचं, याचा पार विचका झाला होता. त्रेचाळीस रोल, म्हणजे अधिकारांचे प्रकार, होते. ते सहावर आणायचं काम साहेबांनी तिच्या गळ्यात घातलं.

नावं गाळता गाळता ती भट्टीवाल्या काकांपाशी अडखळली. काका चार वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले. रोल ‘फक्त पाहणे’. पण रोज, अगदी सुट्टीच्या दिवशीही, अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या नावानं भट्टीचं वेळ-तापमानाचं पत्रक उघडलं जात होतं.

“कोणीतरी त्यांचा पासवर्ड वापरतंय,” ती कॉम्प्युटर विभागातल्या मुलीला म्हणाली.

“कसा वापरेल, बाई? निवृत्तीच्या दिवशीच बंद केलाय तो.”

दुसऱ्या दिवशी ती भट्टीजवळच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन उभी राहिली. अकरा-दहाला पडदा आपोआप उजळला. पत्रकाच्या ओळी सावकाश वर सरकू लागल्या, कोणी बोट ठेवून वाचावं तशा. सातव्या पायरीशी थांबल्या. मग पडदा काळा. कीबोर्डवरच्या धुळीला कोणाचं बोटही लागलं नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी तिनं काकांचं घर गाठलं. सुनेनं दार उघडलं.

“ओळखणार नाहीत हं. मलाही ओळखत नाहीत.”

काका खिडकीशी बसले होते. तिनं दोनदा नाव सांगितलं, पण त्यांची पापणीही हलली नाही. अकरा-दहाला मात्र त्यांचा हात वर गेला आणि तर्जनी हवेत हळूहळू खाली सरकू लागली.

“रोजचंच आहे हे,” सून कुजबुजली.

बोट थांबलं. “सातवी,” काका स्वच्छ आवाजात म्हणाले. “चाळीस मिनिटांची चौतीस कोणी केली? माल तडकेल.”

ती धावतपळत कारखान्यात आली. सातव्या पायरीची सहा मिनिटं खरंच कापलेली होती. माल लवकर निघावा म्हणून कोणीतरी, ज्याला तो अधिकार असायलाच नको होता, परस्पर फेरफार केला होता. तिनं भट्टी थांबवली, दहा स्प्रिंगा तपासायला लावल्या. तीन काडकन तुटल्या.

साहेब खूश झाले. मग तिची यादी चाळत म्हणाले, “पण निवृत्त माणसाला रोल कसला? काढा ते नाव.”

खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिला वेड्यात काढलं असतं. तिनं नाव पुसलं. दुसऱ्या दिवशी अकरा-दहाला पडदा उजळला नाही.

तिला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी कोणाला न सांगता तिनं नाव परत घातलं. दहा दिवस रोज नोंद पाहिली. काहीच नाही.

मग रविवारी ती पुन्हा गेली. काकांचे हात मांडीवर होते. अकरा-दहा होऊन गेले तरी ते हलले नाहीत.

“काका, सातवी पायरी?” तिनं वाकून विचारलं. त्यांनी कोऱ्या नजरेनं पाहिलं.

निघताना सून हसून म्हणाली, “तुमचा पायगुण चांगला हो. त्या दिवसानंतर हात थांबलाच बघा. आता झोपही लागते त्यांना.”

“हो का,” एवढंच ती म्हणाली. सोमवारी अकरा-दहाला ती स्वतःच भट्टीजवळच्या पडद्यावर बोट ठेवून पत्रक वाचू लागली.