पनवेलला वाजवलेली घंटा

पुण्याहून निघताना मी पिशवीत दोन धोतरं, एक पंचा आणि शाळेच्या टेबलावरची पितळी घंटा भरली. ते पाहून ही म्हणाली, "परीक्षक म्हणून चाललात की पुजारी म्हणून?" पनवेलच्या करमणूक स्पर्धेत बँडचे नंबर काढायला मला बोलावलं होतं. शाळेत पोरांना सारेगम शिकवणाऱ्या माणसाला असा मान रोज मिळत नाही, त्यामुळे मी जरा फुगलोच होतो.

एस.टी. नवी नवी होती ते दिवस. बोरघाट उतरताना शेजारच्या बाईंना गाडी लागली. मी मात्र मांडीवर वही ठेवून स्पर्धेचे नियम लिहीत होतो. पहिल्या नंबराला ढाल. प्रत्येक बँडला दहा मिनिटं. वाजवणं मध्येच अर्धं मिनिट थांबलं तर घंटा, आणि बँड बाद. हा शेवटचा नियम माझ्याच डोक्यातून निघाला होता आणि मला तो फार आवडला होता.

पनवेलला उतरलो तो घामाने निथळतच. हवेला खाडीचा खारट वास होता. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे चिटणीस न्यायला आले होते. त्यांचा कापडाचा व्यापार. बोलण्यात कुणाला हार जाणार नाहीत असे गृहस्थ. त्यांच्या घरी तांदळाची भाकरी आणि बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ) असा बेत होता. मी तीनदा मागून घेतलं.

दुपारी मैदानावर गेलो. मंडपामागे लाल कोट घातलेला एक पन्नाशीचा माणूस चिंचेच्या कोळाने आपलं कॉर्नेट (तोंडाने वाजवायचं छोटं पितळी वाद्य) घासत बसला होता. कोटाची दोन बटणं वेगळ्याच जातीची होती. त्याचं नाव हसुराम, सुकापूरच्या बँडचा मास्तर. बँडमधले बाकीचे आठही जण त्याच्याच गावचे, शेतावर नाहीतर मिठागरावर राबणारे.

"लग्नसराई कशी गेली?" मी सहज विचारलं.

"कसली सराई, मास्तर! आता मांडवान लाउडस्पीकर लावतान. यंदा आमाला येकच लगीन भेटला." तो कॉर्नेट कोटाला पुसत म्हणाला, "आज ढाल भेटली तं लोक परत बोलवतील. नाय भेटली तं बँड मोरायचा, बंद करायचा. पोरांना तसा सांगून ठेवलाय."

मी परीक्षकाला शोभेलसं हसलो आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो. आमचं टेबल रस्त्याकडे पाठ करून मांडलं होतं.

आधी मुंबईचा बँड झाला. कपडे झकास, वाजवणं चोख, पण कोरडं. मग सुकापूरकर चढले. हसुरामने वरातीची चाल धरली आणि मी पेन खाली ठेवलं. असं गोड कॉर्नेट मी तोवर ऐकलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बायका पदर सावरत ताल धरू लागल्या. ढाल कुणाची, हे मनातल्या मनात मी ठरवूनही टाकलं होतं.

आणि पाचव्या मिनिटाला हसुरामने कॉर्नेट खाली केलं. ढोल थांबला, झांजा थांबल्या. नऊ जण डोक्यावरच्या टोप्या काढून खाली बघत उभे राहिले. मला वाटलं, चाल विसरले! मी घड्याळ काढलं. दहा सेकंद, वीस. मनात म्हणत होतो, वाजव रे बाबा, वाजव. तीस झाले आणि मी घंटा मारली.

मैदान इतकं गप्प होतं की घंटा पार रस्त्यापलीकडे ऐकू गेली असावी. मी मागे वळून पाहिलं. रस्त्यावरून तिरडी चालली होती. खांदेकऱ्यांपैकी एकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच पाहिलं. माझा हात अजून घंटेवरच होता.

प्रेत पुढे गेल्यावर हसुरामने टोपी घातली आणि कॉर्नेट ओठाला लावलं.

चिटणीस माझ्या कानाशी लागले, "मयत दिसली की इकडचे बँडवाले वाजवणं थांबवतात. घेऊ या का पुढे?"

"हो" एवढंच म्हणायचं होतं. पण सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं, नियम माझा होता आणि घंटाही माझीच. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम." ढाल मुंबईला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर हसुराम भेटला. भांडायला आलाय असं वाटून मी पिशवी पोटाशी धरली. तर तो गाडीत मला खिडकीजवळ जागा धरायला आला होता.

"कोण गेलं होतं काल? तुमच्या ओळखीचं?" मी विचारलं.

"नाय ठाव. कोनाचा तरी मानूस व्हता." मग तो म्हणाला, "त्याच्या घरच्यांच्या कानान वरातीचा बाजा कसा घालायचा, मास्तर?"

मी माफीसुद्धा मागितली नाही आणि गाडी सुटली.

पुण्याला पोचल्यावर चिटणीसांना पत्र घातलं, की चूक माझी, त्या बँडला पुन्हा बोलवा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सुकापूरचा बँड मोडला होता. हसुराम मिठागरावर जात होता आणि कॉर्नेट त्याने गावच्या देवळात ठेवलं होतं.

आमच्या शाळेवरूनही अधूनमधून प्रेतयात्रा जाते. मी पेटीवरचा हात काढतो, मुलं उभी राहतात. एकदा एका मुलाने विचारलं, "सर, किती वेळ उभं राहायचं?" मी म्हणालो, "ती माणसं दिसेनाशी होईपर्यंत." घड्याळ मी खिशातच ठेवतो.