वरच्या मजल्यावरचं पाणी

लग्नानंतरची चौदा वर्षं आम्ही दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये काढली. तिथे भिंत सरकारची, खिळा आपला, आणि ठोकलाच तर क्वार्टर सोडताना भोक बुजवून देण्याची जबाबदारीही आपली. त्यामुळे द्वारकेतल्या फ्लॅटचा ताबा मिळाला त्या दिवशी मी रिकाम्या हॉलच्या भिंतीला उगाचच एक भोक पाडलं. तिथे काही टांगायचं नव्हतं. यजमान म्हणाले, "हे कशासाठी?" मी म्हटलं, "आपली भिंत आहे म्हणून."

हे वेड मला वडिलांकडून मिळालं. ते कारखान्यात फिटर होते आणि घरातलं कुठलंही काम बाहेर देणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांचं हाताने फिरवायचं ड्रिल मी दिल्लीला येताना ट्रंकेत घालून आणलं होतं. द्वारकेला आलो तोवर बाजारात विजेची ड्रिल मशिनं दिसायला लागली होती. टाइल्स, नळ, रंग, सगळ्याचेच रोज नवे नमुने येत. मीही एक मशीन घेतलं, आणि पुढचे कित्येक रविवार कानाला ओढणी गुंडाळून भिंतीसमोर उभी राहिले. यजमान शिडी धरत आणि पेपर वाचत. स्वयंपाकघरातले शेल्फ, मुलीचं टेबल, चपलांचं कपाट, सगळं मी केलं. हार्डवेअरच्या दुकानातला माणूस दर वेळी माझ्या खांद्यावरून मागे बघायचा, मिस्त्री कुठे आहे ते पाहायला.

मी तेव्हा एका मंत्रालयात दक्षता विभागात होते. कोणाविरुद्ध आलेल्या तक्रारी वाचायच्या, त्यांत खरं किती नि खोटं किती ते ताडायचं. दिवसभर हेच केलं की घरी येईपर्यंत डोळे तसेच होऊन बसतात. दूधवाला "आज पाणी नहीं मिलाया" म्हणाला तर मला वाटे, म्हणजे काल मिसळलं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या थंडीत मुलगी एकदा म्हणाली, "आई, माझ्या रूममध्ये सीलन आलीये." ओल हा शब्द तिला ठाऊक नव्हता. मी जाऊन पाहिलं. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, छताजवळ मी बसवलेल्या कपाटाच्या बाजूला, ताटाएवढा डाग होता. हात लावला तर गार आणि ओला. मी लगेच वर पाहिलं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त पंजाबी गृहस्थ आणि त्यांची बायको राहत. ते वीज खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, आणि माझ्यासारखेच स्वतःच्या हाताने घर करणारे. बायको गुडघ्यांनी अधू होती, म्हणून त्यांनी मोठ्या बाथरूमची फरशी स्वतः नवी केली होती. पाय घसरू नये म्हणून फुटक्या टाइल्सचे तुकडे जोडून त्यांनी ती खडबडीत बनवली होती. चार महिने खपत होते. गंमत बघा, मी स्वतः सगळं हाताने करत होते आणि त्याचा मला अभिमान होता. पण दुसऱ्या कुणी हौसेने केलेली फरशी म्हटल्यावर मला खात्रीच पटली की ती गळणार.

मी वर गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडमजी, एक काम कीजिए. छत पर आपका वॉल्व है, एक दिन उसे बंद रखकर देखिए. दाग सूखे तो पानी आपका, न सूखे तो मेरा."

मला तो बहाणा वाटला. पाणी वरून खाली येतं, हे लहान मूलही सांगेल. आणि म्हणे माझा वॉल्व! मी म्हटलं, आधी तुमच्याकडे बघू.

त्यांनी नाही म्हटलं नाही. बाथरूमची मोरी कापडाच्या बोळ्याने बंद केली, फरशीवर चार बोटं पाणी भरलं आणि त्यात मी कपड्यांची नीळ ओतली. दोन दिवस ते निळं पाणी तसंच ठेवायचं होतं. माझ्या भिंतीवर निळा रंग उतरला की प्रश्न मिटला. त्या दोन दिवसांत मी काहीबाही निमित्त काढून तीनदा वर गेले. एकदा वाटीभर साखर मागायला, एकदा ती परत द्यायला आणि एकदा बिननिमित्तच. तिन्ही वेळा पाणी तिथेच होतं. तरी मला वाटे, माझं पाऊल जिन्यात वाजताच ते बादलीने भर घालत असणार.

भिंतीवर निळा ठिपकासुद्धा उतरला नाही. डाग मात्र वाढला. यजमान म्हणाले, "अगं, आता तरी वॉल्व बंद करून बघू या."

"प्लास्टर रंग गाळून घेतं," मी म्हटलं.

"असं असतं?"

"असतं." तसं असतं की नाही, मला ठाऊक नव्हतं.

मी सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी तक्रार दिली. तक्रारी कशा लिहायच्या ते माझ्याइतकं कुणाला कळणार! पंधरा दिवसांत सेक्रेटरी दोनदा वर जाऊन आले. मग एका सकाळी वरून छिन्नी-हातोडीचा आवाज सुरू झाला. तिसऱ्या दिवशी वरच्यांनी मला बोलावलं. ती चार महिन्यांची फरशी ढिगाऱ्यात पडली होती. खालचा, पाणी अडवणारा डांबराचा काळा थर उघडा झाला होता.

"हाथ लगाकर देखिए," ते म्हणाले.

मी वाकून हात लावला. कोरडा होता. धूळ लागली बोटांना.

"नहाते कहाँ हैं आप लोग?" मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"छोटे वाले में." छोट्या बाथरूममध्ये उकिडवं बसायचा संडास होता. त्यांच्या बायकोला गुडघे वाकवून बसता येत नव्हतं. हे माझ्या डोक्यात त्या क्षणी आलंच नाही, इतकी मी त्या कोरड्या डांबराकडे संशयाने बघत होते.

पुढच्या रविवारी मी ठरवलं की निदान सडलेलं प्लास्टर तरी काढावं. त्यासाठी भिंतीवरचं कपाट उतरवायला हवं होतं. यजमानांनी खालून आधार दिला आणि मी वरचा डावीकडचा स्क्रू सोडवायला घेतला. तो फिरेना. जोर लावला तसा लालभडक गंजलेला स्क्रू बाहेर आला, आणि त्यामागून पाण्याची बारीक धार थेट माझ्या चष्म्यावर.

यजमान गच्चीवर धावले. त्यांनी आमचा वॉल्व बंद केला आणि धार थांबली.

मी शिडीवरच बसले. कपाट बसवलं तो दिवस मला लख्ख आठवला. तेव्हा इमारतीत पाणी यायला लागलं नव्हतं, सगळे टँकरवर होतो, नळ कोरडे. भोक पाडताना ड्रिल कशाला तरी अडलं होतं, किंचाळल्यासारखा आवाज आला होता. मला वाटलं सळई असेल. दाब वाढवून मी तशीच पुढे गेले. रिकाम्या पाइपमधून काही आलं नाही, आणि नंतर त्या भोकात माझा स्क्रू बुचासारखा बसून राहिला. वर्षभर खाऱ्या पाण्याने तो हळूहळू खाल्ला.

यजमान खाली आले. मग ते म्हणाले, "पाइपचा तुकडा बदलू. डाग सुकेल. विसरतील लोक."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. प्लंबर आला, तुकडा बदलून गेला. चार दिवसांत भिंत फिकी पडायला लागली. आणि पाचव्या दिवशी खालच्या फलकावर सेक्रेटरींनी कागद लावला: वरच्या फ्लॅटची दुरुस्ती झाल्यामुळे खालची गळती थांबली आहे, तरी सर्व सदस्यांनी बाथरूमची कामं अनुभवी मिस्त्रीकडूनच करवून घ्यावीत.

तो कागद वाचत असताना वरचे काका भाजीची पिशवी घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनीही वाचला. माझ्याकडे पाहून "चलो, अच्छा हुआ" एवढंच म्हणाले आणि लिफ्ट बंद होती म्हणून जिना चढायला लागले.

संध्याकाळी मी रुमालात स्क्रू गुंडाळून वर गेले. दार त्यांनी उघडलं. मी रुमाल पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, स्क्रू बोटांत फिरवला, आट्यांत अडकलेला गंज नखाने खरवडला.

"पाइप में था?"

"हो... जी. मीच लावला होता. कपाटासाठी."

"ढाई इंच?" ते म्हणाले. "ढाई इंच क्यों लगाया? डेढ़ बहुत था."

त्यांनी मला आत बोलावलं. त्यांची बायको खुर्चीवर बसली होती, समोर तक्क्यावर पाय पसरून. मी मराठीमिश्रित हिंदीत जमेल तशी माफी मागितली आणि मग न राहवून विचारलं, "तुम्हाला खात्री होती ना, की पाणी तुमचं नाही? मग फोडलीत कशाला?"

ते बायकोकडे बघायला लागले. उत्तर तिनेच दिलं. "बाल्कनी की वजह से."

त्यांनी मागची बाल्कनी परवानगी न घेता काचा लावून बंद केली होती. बाई म्हणाल्या, तुम्ही दक्षतावाल्या. वाद वाढला तर तुम्ही बाल्कनीची चिठ्ठी सरकारकडे पाठवाल, पाडायची नोटीस येईल, असं यांना वाटत होतं. "मैंने कहा, फर्श तोड़ दो, बाल्कनी तो बचेगी."

मला आधी राग आला. मी असलं कधी करणार नव्हते. पण खोटं कशाला सांगू, ती बाल्कनी माझ्या नजरेतून सुटलेली नव्हती. ताबा मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात मी ती खालून पाहून ठेवली होती. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. दीड महिना मी त्यांच्यावर डोळा ठेवून होते आणि ते माझ्यावर. फरक इतकाच, की भोगलं त्या बाईंनी. छोट्या बाथरूममध्ये प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक कापून तिच्यासाठी सोय केली होती. ती खुर्ची मी येताना दारातून पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींना भेटून कागद बदलायला सांगितला. "जाने दीजिए मॅडम, मामला ख़त्म हो गया," ते म्हणाले. मग मीच एक कागद लिहिला, गळती माझ्या स्क्रूमुळे होती असा, खाली सही केली आणि लावला. यजमान म्हणाले, "इतकं सविस्तर लिहायला हवं होतं का?"

फरशी मी बसवून द्यायची असं ठरलं. मिस्त्री नको, असं काकांनीच सांगितलं, पण माझ्यावर त्यांचा विश्वास होता असं मुळीच नाही. जुने तुकडे निम्मे चुरा झाले होते. म्हणून एका रविवारी आम्ही दोघं गोणपाट घेऊन अर्धवट बांधलेल्या सेक्टरांतून टाइल्सचे तुकडे वेचायला निघालो. तेव्हा सगळीकडे इमारतींचे सांगाडे आणि मधे रिकामी धूळ होती. एका साइटवर चौकीदाराने काठी आडवी धरून विचारलं, "क्या उठा रहे हो?"

"टूटा माल," काका म्हणाले.

"बोरी दिखाओ."

त्याने प्रत्येक तुकडा बाहेर काढून पाहिला. सरकारी नोकरीतली बाई आणि निवृत्त इंजिनियर उन्हात उभे. परत निघाल्यावर काका हसायला लागले. मला हसू आलं नाही, घरी पोचल्यावर आलं.

पुढचे तीन रविवार मी त्यांच्या बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून तुकडे जोडले. काका दारात स्टुलावर. मी बसवलेल्या प्रत्येक तुकड्यावर ते थापीच्या मुठीने ठोकून ऐकत. पोकळ वाजला की "ये निकालिए." मी काढायची. नऊ तुकडे काढायला लावले. सात खरंच पोकळ होते. उरलेल्या दोन तुकड्यांबद्दल माझं मत आजही वेगळं आहे.

सिमेंट वाळल्यावर त्यांनी मगभर पाणी ओतलं. पाणी मोरीकडे गेलं, पण कोपऱ्यात तळहाताएवढं थारोळं तिथेच राहिलं. उतार चुकला होता. बाई भिंतीला धरून आत आल्या, अनवाणी पाऊल खडबडीत फरशीवर घासून पाहिलं आणि म्हणाल्या, "रहने दो, मैं पोंछ लूँगी."

"नहीं," मी म्हटलं आणि पुढच्या रविवारी छिन्नी घेऊन पुन्हा वर गेले. काका स्टूल आधीच मांडून बसले होते.